नियम बदलायचा तर आधी हरकती वाचा

एप्रिल २०२४ मध्ये इथेरियमच्या डेव्हलपरांच्या बैठकीत ईआयपी-३०७४ या प्रस्तावाला पुढच्या अपग्रेडमध्ये जागा मिळाली. प्रस्ताव ऑक्टोबर २०२० पासून चर्चेत होता. साध्या वॉलेटला एकाच सहीत अनेक कामे करता यावीत, व्यवहाराचे शुल्क दुसऱ्या कोणाला भरता यावे, असा त्याचा हेतू. साडेतीन वर्षे लावून धरलेली गोष्ट अखेर पदरात पडली होती. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच कामासाठी दुसरा प्रस्ताव आला, ईआयपी-७७०२. काही आठवड्यांतच ३०७४ बाहेर गेला आणि त्याच्या जागी ७७०२ आला. नव्या प्रस्तावावर लेखक म्हणून चार नावे आहेत: व्हिटालिक ब्युटेरिन, सॅम विल्सन, अन्सगर डिट्रिख्स आणि ‘लाइटक्लायंट’ या नावाने काम करणारे मॅट गार्नेट. यांतली शेवटची तीन नावे ३०७४ च्या लेखकांतही होती.

मंजूर झालेल्या प्रस्तावाचे लेखकच त्याची जागा घेणाऱ्या प्रस्तावाचे सहलेखक होतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ३०७४ वर दोन मोठ्या हरकती होत्या. एक सुरक्षेची: वापरकर्ता एका सहीने आपले अधिकार एखाद्या कॉन्ट्रॅक्टला देणार, ते कॉन्ट्रॅक्ट खोटे निघाले तर वॉलेट रिकामे. दुसरी दूरच्या वाटचालीची: वॉलेट्स पुढे स्वतःच स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट व्हावीत या दिशेने काम करणाऱ्यांचे म्हणणे होते, की ३०७४ ज्या दोन नव्या आज्ञा आणतो त्या काही वर्षांनी कोणी वापरणार नाही, पण नेटवर्कला मात्र कायम वागवाव्या लागतील. बैठकीत होकार मिळाला म्हणून या हरकती विरल्या नाहीत. ७७०२ ने दुसऱ्या हरकतीला सरळ उत्तर दिले, पहिलीला बरेचसे दिले, आणि ज्यांनी आधीचा प्रस्ताव लिहिला होता त्यांनी ते मानले.

या लेखात मला सांगायचे आहे ते हेच. ब्लॉकचेनचे नियम बदलताना मते मोजण्यापेक्षा हरकतींना उत्तर देणे जास्त महत्त्वाचे असते. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असा, घरी नोड चालवणारे असा, किंवा वॉलेटमध्ये थोडे इथर ठेवून असलेले साधे वापरकर्ते असा; ही प्रक्रिया समजून घ्यायची असेल, तिच्यात भाग घ्यायचा असेल, तर सुरुवात हरकती वाचण्यापासून करा.

सही करणारा साहेब नाही

नगरपालिकेच्या विकास आराखड्याची सूचना वर्तमानपत्रात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ‘हरकती व सूचना’ अमुक दिवसांच्या आत लेखी द्याव्यात, असे तिच्यात असते. मग सुनावणी होते आणि शेवटी एका अधिकाऱ्याची सही होते. ब्लॉकचेनमध्ये हरकती आहेत, सूचना आहेत, सुनावणीही आहे. सही करणारा साहेब मात्र नाही.

नियम असतात ते नोडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. नोड म्हणजे साखळीची पूर्ण प्रत स्वतः तपासून ठेवणारा संगणक. ज्याचा नोड, त्याने कोणती आवृत्ती चालवायची ते तोच ठरवतो. नवी आवृत्ती बसवली नाही तर कोणी दंड करायला येत नाही. म्हणून अपग्रेड ‘मंजूर’ होणे आणि ‘लागू’ होणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर हजारो स्वतंत्र माणसांच्या होकाराने भरावे लागते.

दोन शब्द इथेच समजून घ्या, ते पुन्हा पुन्हा भेटतील. जुने नियम आणखी कडक करणारा बदल म्हणजे सॉफ्ट फोर्क. ज्यांनी सॉफ्टवेअर बदलले नाही त्यांनाही नवे ब्लॉक वैध दिसतात. जे आधी अवैध होते ते वैध ठरवणारा बदल म्हणजे हार्ड फोर्क. त्यात जुन्या आवृत्तीवर राहिलेला नोड मागेच राहतो. बिटकॉइनची परंपरा सॉफ्ट फोर्कची आहे. इथेरियममध्ये ठरवून, तारीख लावून हार्ड फोर्क होतात.

मागे राहणारे पुरेसे असले तर दोन साखळ्या होतात. जून २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या सामूहिक निधीच्या कोडमधली फट शोधून कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळते केले. ते परत मिळवण्यासाठी २० जुलै २०१६ रोजी १९,२०,००० व्या ब्लॉकला हार्ड फोर्क झाला. साखळीत घडलेले पुसायचे नाही, असे मानणाऱ्यांनी जुनी साखळी चालू ठेवली. ती आजही इथेरियम क्लासिक नावाने चालते. हरकतीला उत्तर मिळाले नाही की ती अशी वेगळी चूल मांडू शकते, हे तेव्हापासून कोणी विसरलेले नाही.

सगळ्याच बदलांना अपग्रेड लागत नाही, हेही लक्षात असू द्या. एका ब्लॉकमध्ये किती काम मावावे याची मर्यादा इथेरियमचे व्हॅलिडेटर, म्हणजे ठेव ठेवून ब्लॉक मांडणारे आणि तपासणारे, आपापल्या सेटिंगमधून सुचवतात आणि ती ब्लॉकगणिक किंचित सरकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती ३ कोटींवरून ३ कोटी ६० लाख गॅसवर (गॅस म्हणजे कामाचे एकक) गेली, ती अशीच.

क्रमांक मिळाला म्हणजे मंजुरी नव्हे

इथेरियममध्ये प्रस्तावाला ईआयपी म्हणतात, बिटकॉइनमध्ये बीआयपी. बीआयपीची पद्धत अमीर ताकी यांनी २०११ मध्ये घालून दिली. ती पायथन भाषेच्या सुधारणा-प्रस्तावांवरून घेतलेली होती. इथेरियमने २०१५ मध्ये ईआयपी-१ लिहून तीच वाट धरली. दोन्हीकडे प्रस्ताव गिटहबवर उघड्यावर असतात. कोणीही वाचू शकतो, कोणीही लिहू शकतो.

कोणीही लिहू शकतो, याचाच दुसरा अर्थ बातम्या वाचताना ध्यानात ठेवा. ‘इथेरियममध्ये अमुक बदल येणार, ईआयपी क्रमांक तमुक’ असा मथळा दिसला की अनेकांना वाटते, ठरले. क्रमांक संपादक देतात, आणि संपादक हा न्यायाधीश नव्हे. मसुदा नमुन्याप्रमाणे आहे का, तांत्रिकदृष्ट्या अर्थपूर्ण आहे का, एवढेच तो पाहतो. कल्पना चांगली की वाईट हे ठरवणे त्याचे काम नाही. बिटकॉइनमध्ये तर हे काम बरीच वर्षे जवळजवळ एकट्या ल्यूक डॅशजर यांच्यावर होते. एप्रिल २०२४ मध्ये आणखी पाच जणांना संपादक नेमले गेले.

म्हणून प्रस्ताव उघडला की वरच्या चौकटीतली स्थिती पाहा. मसुदा, परीक्षण, अखेरची हाक, अंतिम, असा ईआयपीचा क्रम आहे. अखेरच्या हाकेची मुदत साधारण १४ दिवसांची असते. सहा महिने हालचाल नसेल तर प्रस्ताव ‘साचलेला’ ठरतो; पुन्हा कोणी हाती घेतला तर तो उठूही शकतो. याशिवाय नेटवर्कच्या गाभ्यातल्या बदलांना एक दुसरी शिडी असते: एखाद्या ठरावीक अपग्रेडसाठी सुचवलेला, विचारार्थ घेतलेला, वेळापत्रकात घेतलेला किंवा नाकारलेला. तुमच्या उपयोगाचा प्रश्न एकच: ‘कोणत्या अपग्रेडच्या वेळापत्रकात आहे?’ उत्तर नसेल तर बातमी अजून कच्ची आहे. वेळापत्रकात आहे म्हणून ती पक्की असतेच असेही नाही. ३०७४ चे काय झाले ते आपण पाहिलेच.

वाचायचा क्रमही उलटा ठेवा, असा माझा सल्ला आहे. सारांश आणि हेतू हे भाग लेखकाने आपली बाजू मांडण्यासाठी लिहिलेले असतात. ते चाळा, पण बसून वाचा ते ‘कारणमीमांसा’ आणि ‘सुरक्षेचा विचार’ हे भाग. कारणमीमांसेत लेखकाने कोणते पर्याय सोडले आणि का सोडले, हे असते. सुरक्षेच्या भागाशिवाय ईआयपी स्वीकारलाच जात नाही. हा भाग चार ओळींत उरकलेला दिसला तर समजा, लेखकाला अजून कोणी घाम फोडलेला नाही. मग चर्चेचा दुवा उघडा आणि जो कोणी सगळ्यात नेटाने विरोध करतो आहे त्याचे म्हणणे आधी वाचा. प्रस्ताव कळायला विरोधकाइतका चांगला शिक्षक मिळत नाही.

गुरुवारी संध्याकाळी साडेसात

इथेरियमच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांची बैठक गुरुवारी १४:०० यूटीसीला भरते. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. एका गुरुवारी व्यवहार चालवणाऱ्या थरावर बोलणे होते, पुढच्या गुरुवारी सहमती राखणाऱ्या थरावर. बैठक थेट प्रक्षेपित होते, कार्यक्रमपत्रिका आधी गिटहबवर येते, नोंदी नंतर मिळतात. ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही वेळ किती सोयीची आहे! अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळी सहा-सात वाजलेले असतात.

पहिल्या दोन-तीन बैठका डोक्यावरून जातील. तशाच जाऊ द्या. कोण बोलतो आहे आणि कोणत्या क्लायंटच्या बाजूने, एवढेच टिपत राहा. क्लायंट म्हणजे त्याच नियमांची स्वतंत्र संघाने लिहिलेली अंमलबजावणी. गेथ गो भाषेत आहे, नेदरमाइंड सी शार्पमध्ये, बेसू जावात, रेथ रस्टमध्ये. सहमतीच्या थरावर प्रिझम, लाइटहाउस, टेकू, निंबस, लोडस्टार आहेत. एका संघाने ‘हे आम्हाला या मुदतीत जमणार नाही’ म्हटले की सगळी खोली थांबते. वरून दुबळी वाटणारी ही रचना मला तिची मोठी ताकद वाटते. अनेक संघांना स्वतंत्रपणे लिहिता येणार नाही असा गुंतागुंतीचा बदल आपोआप गळून पडतो.

बैठकीत हात वर करून मतदान होत नाही. सूत्रधार विचारतो, कोणाची ठाम हरकत आहे का? ही ‘ढोबळ सहमती’ची पद्धत इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत मुरलेली आहे. तिच्यावर २०१४ मध्ये आरएफसी ७२८२ हा सुंदर दस्तऐवज निघाला. त्यातला विचार असा: शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती झाली असे नव्हे, कारण पाचांच्या हरकतीला उत्तर मिळालेले नसेल, आणि पाच बाजूने व शंभर विरोधात असतानाही सहमती असू शकते, कारण शंभरांच्या मुद्द्याला आधीच उत्तर मिळालेले असेल. तो वाचाच. इथले वाद ऐकताना मला त्याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही तांत्रिक पुस्तकाचा झाला नाही.

ही खोली म्हणजे सारा समाज नव्हे, हे खोलीला वेळोवेळी शिकावे लागले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रोगपाउ, म्हणजे ईआयपी-१०५७, पुढे न्यायचे बैठकीत ठरले. मायनिंगसाठी, म्हणजे तेव्हाच्या पद्धतीने ब्लॉक तयार करण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या खास बनावटीच्या यंत्रांचा वरचष्मा कमी करणारा तो बदल होता. बाहेर इतका विरोध उठला की तो कधीच लागू झाला नाही. त्याआधीचे ईआयपी-९९९ चे उदाहरण आणखी कठीण आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी वॉलेटच्या सामायिक कोडमध्ये झालेल्या गोंधळाने ५,१३,७७४ इथर कायमचे अडकले. ते सोडवायचा प्रस्ताव एप्रिल २०१८ मध्ये आला. नुकसान खरे होते, माणसे खरी होती. तरी हरकत अशी की एकाची चूक नियम बदलून दुरुस्त केली तर उद्या कोणाकोणाची करायची? नाण्यांच्या वजनाने घेतलेला अनौपचारिक कौलही विरोधात गेला. ते इथर आजही अडकलेलेच आहेत. हा निर्णय बरोबर होता असे मला वाटते, आणि ज्यांचे पैसे गेले त्यांच्यासमोर तो उच्चारणे सोपे नाही हेही कळते.

बिटकॉइनचा संथपणा, टेझॉसचे मतदान

बिटकॉइनमध्ये अपग्रेड ठरवणारी अशी बैठक नाही आणि तारीख लावायची घाईही नाही. तिथला सेगविटचा, म्हणजे ब्लॉकमध्ये जास्त व्यवहार मावावेत म्हणूनही आणलेल्या बदलाचा, वाद प्रत्येकाने एकदा शिकून घ्यावा. त्याचा प्रस्ताव, बीआयपी-१४१, डिसेंबर २०१५ मध्ये लिहिला गेला. ठरले असे, की २०१६ ब्लॉकांच्या एका फेरीत, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, ९५ टक्के ब्लॉकांनी तयारीची खूण दाखवली की नियम लागू. ही खूण मायनर दाखवतात. नोव्हेंबर २०१६ पासून खुणा सुरू झाल्या आणि ३० टक्क्यांच्या आसपास अडकून पडल्या. ‘आम्ही तयार आहोत’ असे सांगण्याची सोय काही मायनरांनी नकाराधिकारासारखी वापरली.

तेव्हा ‘शाओलिनफ्राय’ या टोपणनावाच्या व्यक्तीने बीआयपी-१४८ मांडला: १ ऑगस्ट २०१७ पासून खूण नसलेले ब्लॉक आमचे नोड नाकारतील. वापरकर्त्यांनीच मायनरांना मुदत दिली. जुलैत ८० टक्क्यांचा उंबरठा असलेल्या बीआयपी-९१ ने मधला मार्ग काढला, १ ऑगस्टला मोठे ब्लॉक हवे असलेल्यांनी बिटकॉइन कॅश वेगळे केले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी ४,८१,८२४ व्या ब्लॉकला सेगविट लागू झाला. त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांनी आपसांत करार करून ठरवलेला सेगविट-टू-एक्स हा दुप्पट ब्लॉकांचा बदल मात्र नोव्हेंबरात त्यांनाच गुंडाळावा लागला. नोड चालवणारे त्यांच्यामागे नव्हते.

त्या भाजलेल्या हातांनी टॅपरूट हा पुढचा बदल हाताळला. ‘स्पीडी ट्रायल’ ही छोटी मुदत, २०१६ पैकी १,८१५ ब्लॉकांचा उंबरठा, जून २०२१ मध्ये निर्णय पक्का, आणि १४ नोव्हेंबर २०२१ रोजी ७,०९,६३२ व्या ब्लॉकला अंमल. मधले पाच महिने सगळ्यांना सॉफ्टवेअर बदलायला मिळाले. याउलट जेरेमी रुबिन यांचा बीआयपी-११९ जानेवारी २०२० पासून पडून आहे. त्यात दोष सापडला म्हणून नव्हे. तो हवाच आहे का, यावर पुरेशी माणसे एकत्र आलेली नाहीत. बिटकॉइनमध्ये प्रस्ताव लिहिणाऱ्याने ही शक्यता गृहीत धरूनच लेखणी उचलावी.

टेझॉस या ब्लॉकचेनने तिसरा रस्ता घेतला. तिथे प्रस्ताव, मतदान, गणपूर्ती, ८० टक्क्यांचे बहुमत हे सारे साखळीतच लिहिलेले आहे आणि मंजूर झालेला नियम नोड आपोआप स्वीकारतात. त्यांच्या अपग्रेडना प्राचीन किंवा मोठ्या शहरांची नावे अकारविल्हे मिळतात: मे २०१९ मध्ये अथेन्स, पुढे बॅबिलॉन, कार्थेज, आणि २९ मार्च २०२३ रोजी मुंबई. ऑक्सफर्ड हा प्रस्ताव मतदानात टिकला नाही. दुरुस्त होऊन ऑक्सफर्ड-२ म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झाला. हिशेब स्वच्छ, तारीख ठरलेली, साखळी फुटण्याची भीती कमी. तरी माझा कल ढोबळ सहमतीकडे आहे. नाण्यांच्या वजनाने मते मोजली की ज्याच्याकडे जास्त नाणी त्याच्या हरकतीला जास्त वजन येते, आणि बहुमत मिळालेल्याला उरलेल्या २० टक्क्यांना उत्तर द्यायची गरजच उरत नाही.

हुडीपर्यंतचा प्रवास

कागदावर सगळे जुळले तरी खरी परीक्षा चाचणी नेटवर्कवर होते. इथेरियमच्या या टेस्टनेटना रेल्वे स्थानकांची नावे द्यायची रीत आहे: स्टॉकहोमचे रॉप्स्टेन, अथेन्सचे सेपोलिया, प्रागच्या होलेशोविट्सेवरून होलेस्की.

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी पेक्ट्रा हे अपग्रेड, ज्यात आपला ७७०२ होता, होलेस्कीवर चालू केले. गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तीन क्लायंटांच्या सेटिंगमध्ये ठेवींच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता त्या टेस्टनेटपुरता चुकीचा होता. बहुसंख्य व्हॅलिडेटर याच तिघांवर. त्यामुळे बहुमत चुकीच्या साखळीवर गेले आणि बरोबर असलेले अल्पसंख्य एकटे पडले. ती साखळी पुन्हा सुरळीत व्हायला मार्च उजाडला. ५ मार्चला सेपोलियावर वेगळीच अडचण निघाली आणि काही काळ रिकामे ब्लॉक निघत राहिले. मग १७ मार्चला नवे टेस्टनेट उभारले. त्याचे नाव हुडी, बंगळुरूच्या मेट्रो स्थानकावरून. तिथे पेक्ट्रा नीट चालले, आणि ७ मे २०२५ रोजी आपल्या दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी ते मुख्य नेटवर्कवर लागू झाले.

नोड किंवा व्हॅलिडेटर चालवत असाल तर या गोष्टीतून घ्यायचे ते थेट आहे. अपग्रेडची तारीख जाहीर झाली की दोन्ही थरांचे क्लायंट नव्या आवृत्तीवर न्या; एकच बदलून भागत नाही. आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका, निदान आठवडाभर आधी बदला आणि लॉगमध्ये अपग्रेडचे नाव व वेळ बरोबर दिसते का ते पाहा. जमेल त्याने कमी लोकप्रिय क्लायंट निवडावा, कारण दोन-तृतीयांशांहून अधिक व्हॅलिडेटर एकाच चुकीत सापडले तर ती चूक शिक्कामोर्तब होऊन बसते. आणि यंत्र बदलताना एकच व्हॅलिडेटर चावी दोन ठिकाणी कधीही चालू ठेवू नका. जुने बंद करा, काही वेळ जाऊ द्या, मग नवे सुरू करा. काही मिनिटे गैरहजर राहण्याचा तोटा किरकोळ असतो. एकाच चावीने दोन साक्षी दिल्या तर ठेवीवर गदा येते.

फक्त वॉलेटमध्ये नाणी असतील तर अपग्रेडच्या दिवशी तुम्हाला काहीही करायचे नसते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग सोडले, वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला, एवढा मोठा बदल झाला. तरी साध्या वापरकर्त्याला एक कळही दाबावी लागली नाही. त्याच दिवसांत ‘जुने इथर पाठवा, नवे घ्या’ म्हणणारे भामटे मात्र जोरात होते. अपग्रेडसाठी जुने इथर देऊन नवे घ्यावे लागत नाही आणि वॉलेटचे गुप्त शब्द कोणी अधिकृत माणूस मागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी गुंतवणूक केली असेल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. काही एक्सचेंज त्या वेळी जमा-काढणी थोडा वेळ थांबवतात. घाबरून जाण्याचे कारण नाही.

हरकत लिहायची कशी

मी पहिली हरकत लिहिली तेव्हा तीन लांब परिच्छेद लिहिले होते. उत्तर एका ओळीचे आले: कोणत्या कलमावर? ते उत्तर मला योग्यच वाटले. तेव्हापासून लिहिण्याआधी स्वतःला विचारतो, हे मला आवडत नाही की हे चालणार नाही? आवड सांगायला हरकत नाही, पण ती आवड म्हणून सांगा. ‘चालणार नाही’ म्हणायचे असेल तर कलम दाखवा, ते मोडणारे एखादे उदाहरण द्या, कोणाचे नुकसान होते ते सांगा, आणि काय बदलले तर तुमची हरकत मिटेल तेही लिहा. हे शेवटचे बहुतेक जण लिहीत नाहीत. ते लिहिले की लेखकाला काम करायला जागा मिळते आणि तुमचे म्हणणे वाचले जाते.

इंग्रजीची भीती बाळगू नका. चर्चा इंग्रजीत चालते हे खरे, पण तिथे अलंकारिक भाषेला किंमत नाही. कोरिया, ब्राझील, युक्रेनची माणसे तोडक्या इंग्रजीत लिहितात आणि त्यांचे ऐकले जाते. चालणारी चाचणी तर कोणत्याही भाषेपेक्षा जास्त बोलते. इथेरियमच्या व्यवहार-थराचे नियम पायथनमध्येही लिहून ठेवलेले आहेत आणि त्यांच्या चाचण्याही पायथनमध्येच लिहिल्या जातात. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा एखाद्या प्रस्तावाच्या काठावरची स्थिती शोधून तिची चाचणी लिहू शकतो. ही सवय लागली की इथेरियम प्रोटोकॉल फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. तिथे काही महिने अनुभवी मंडळींबरोबर काम मिळते. कोड लिहायचा नसेल तर इथेरियमच्या संकेतस्थळाची मराठी आवृत्ती आहे, तिचे भाषांतर सुधारायला माणसे लागतात. आपल्या भाषेत ‘हार्ड फोर्क’ नीट समजावणारा मजकूर फार थोडा आहे.

स्वतःचा प्रस्ताव मांडायचा असेल तर मसुदा सगळ्यात शेवटी लिहा. आधी कल्पना दोन परिच्छेदांत ‘इथेरियम मॅजिशियन्स’ या चर्चामंचावर टाका आणि ज्यांना ती बाधेल त्यांना स्वतः शोधून विचारा. क्लायंट संघांचा वेळ थोडा असतो. पेक्ट्रासारख्या मोठ्या अपग्रेडमध्येही ११ ईआयपी मावले. म्हणून प्रस्तावापेक्षा तो वर्षानुवर्षे लावून धरणारा माणूस दुर्मिळ असतो. शुल्काचा एक भाग जाळून टाकणारा ईआयपी-१५५९ एप्रिल २०१९ मध्ये लिहिला गेला आणि ५ ऑगस्ट २०२१ रोजी लंडन अपग्रेडमध्ये लागू झाला. मायनरांचे उत्पन्न घटणार होते, त्यांचा विरोध उघड होता. मधल्या सव्वादोन वर्षांत लेखकांनी आणि समन्वयकांनी वॉलेटवाल्यांशी, मायनरांशी, अर्थशास्त्रज्ञांशी बोलून एकेका प्रश्नाचे उत्तर लिहून काढले. तुमच्या प्रस्तावाच्या कारणमीमांसेत तशीच प्रत्येक हरकत, तिचे उत्तर आणि उत्तर नसेल तर तसे स्पष्ट लिहा.

लंडन हे नाव डेव्हकॉन या इथेरियमच्या संमेलनाच्या गावावरून आले. शांघाय, कॅनकून, प्राग, ओसाका ही अपग्रेडही तशीच. २०२६ ची डेव्हकॉन मुंबईत ठरली आहे. गुरुवारी साडेसातला ज्यांचे आवाज ऐकाल त्यांतली बरीच माणसे तिथे समोर भेटतील. जायचा विचार असेल तर पुढच्या अपग्रेडसाठी सुचवलेला एक प्रस्ताव आजच निवडा, सुरक्षेच्या भागापासून वाचायला लागा, आणि ज्या कलमाशी अडाल तिथे समासात तुमचा प्रश्न लिहून ठेवा.